शंभर मोहरांची विद्या

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचे नावही आता कोणाला सांगता येत नाही. त्या राज्यात, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, एक बंदर होते. दूरदेशीची गलबते मिरी घेऊन तिथे येत. पेठेत रोज सकाळी मिरीचा भाव पुकारला जाई. तो कधी चढे, कधी उतरे. पुष्कळ लोक मिरी घेत ती खाण्यासाठी नव्हे. आज घ्यायची आणि भाव चढला की विकायची, एवढ्यासाठीच.

त्या बंदरात सखोजी नावाचा एक दोर वळणारा राहत होता. काथ्याचे जाड दोरखंड वळून तो गलबतांना विकी. दोरखंड वळायला लांबच लांब सरळ जागा लागते. सखोजीला ती उघड्या किनाऱ्यावरच मिळे, त्यामुळे पावसाळ्याचे चार महिने त्याचे काम बंद पडे. किनाऱ्यालगत एक लांब छपरी बांधायची म्हणून तो आणि त्याची बायको तुळजा बारा वर्षे पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवत होती. त्या वर्षी शंभर मोहरा जमल्या.

आणि त्याच वर्षी, ऐन थंडीत, बंदरात एक आचार्य आले. मिरीचा भाव उद्या चढेल की उतरेल हे ओळखण्याची विद्या आपण शिकवतो, असे ते सांगत. पेठेजवळ त्यांनी रेशमी शामियाना उभारला. पहिला पाठ फुकट होता, म्हणून सखोजीही गेला.

आचार्यांनी एक लांब कापड उलगडले. त्यावर मागच्या वर्षभराचे भाव डोंगरांच्या रांगेसारखे रंगवलेले होते. चांदीच्या काठीने ते एकेक जागा दाखवू लागले. या दरीत मिरी घ्यायला हवी होती, या शिखरावर विकायला हवी होती. बघणाऱ्याला ते इतके स्पष्ट दिसे, की हे आपल्याला आधीच कसे कळले नाही याचे नवल वाटावे. सखोजीने आपल्या हातांकडे पाहिले. काथ्याने पडलेल्या चिरा आताशा लवकर भरून येत नव्हत्या. बारा वर्षे आपण वेड्यासारखे राबलो, असे त्याच्या मनात आले.

पूर्ण विद्येची दक्षिणा शंभर मोहरा होती. तीही फक्त चैत्री पौर्णिमेपर्यंत; पुढे दुप्पट.

सखोजीचा जिवलग मित्र हिरबा नावाडी होता. त्याने आपली होडी विकून दक्षिणा भरली, आणि उरलेल्या पैशांत मिरी घेतली. भाव चढला. दोन महिन्यांत हिरबाच्या डोक्यावर जरीकाठी पागोटे आले. तो सखोजीला रोज सांगे की दोर वळून कोणी सुखी झालेला मी पाहिला नाही.

सखोजीची जेवणावरची वासना उडाली. शेवटी त्याने तुळजापाशी मन उघडे केले. ती भांडली नाही, रडलीही नाही. ती म्हणाली, "पैसे दोघांचे आहेत, म्हणून एवढंच सांगते. मला मिरीतलं कळत नाही. तुम्हालाही कळत नाही. ज्याला कळतं त्याला आधी विचारा."

पेठेच्या तोंडाशी एक म्हातारी मापाडीण बसत असे. चाळीस वर्षे मिरीचे प्रत्येक पोते तिच्या काट्यावर तोलले जात होते. तिथून गेल्याशिवाय बंदरात सौदा पुरा होत नसे. सखोजी तिच्याकडे गेला आणि आचार्यांची विद्या खरी की खोटी, असे त्याने सरळच विचारले.

म्हातारी म्हणाली की विद्येची पारख आपल्याला नाही, आपल्याला फक्त काट्यावर काय येते ते माहीत.

"मग तेच सांग, आजी."

"आचार्यांना येऊन तीन महिने झाले. त्यांचं एकही पोतं माझ्या काट्यावर आलेलं नाही. ना घेतलेलं, ना विकलेलं."

आचार्य दुसऱ्या बंदरात व्यापार करत असतील, असे सखोजीने बोलून पाहिले. म्हातारी म्हणाली, "असतील बाबा. मला कसं ठाऊक असणार? त्यांनाच विचार."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सखोजी मोहरांची थैली कमरेला बांधून शामियान्यात गेला. तिथे दक्षिणा भरणाऱ्यांची रांग लागली होती. त्याची पाळी आली तेव्हा त्याने हात जोडून विचारले, आपण स्वतः मिरी कुठे घेता?

आचार्य गोड हसले. आपल्याला धनाचा मोह नाही, आपण लोकांच्या कल्याणासाठी फिरतो, असे त्यांनी सांगितले. सखोजीची नजर त्यांच्यामागे ठेवलेल्या दक्षिणेच्या पेटीवर गेली. मोह नसलेल्या माणसाला एवढी मोठी पेटी कशाला लागते, हे त्याला उमगेना. तरी तो नम्रपणेच बोलला.

"महाराज, मी दोर वळतो. नवं गिऱ्हाईक आलं की मी म्हणतो, आधी या दोराने गलबत बांधून बघ. भरतीला दोर टिकला तर पैसे दे. तुम्ही मला शिकवा. पहिल्या नफ्यातून शंभर नाही, दोनशे मोहरा आणून देतो."

आचार्यांचे हसू मावळले. "ज्याचा विश्वास नाही त्याला विद्या फळत नाही," एवढे बोलून त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावले.

रांगेतले लोक सखोजीकडे पाहू लागले. कोणी हसले, कोणी कीव केली. लाजेने त्याचे कान तापले. मुलांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: त्या क्षणी त्याने थैलीच्या गाठीला हात घातला होता. लोभाने नव्हे, नुसत्या लाजेने. पण काट्याशी बसलेल्या म्हातारीचे शब्द त्याला आठवले. गाठ तशीच ठेवून तो बाहेर पडला.

मापाडणीने सांगितलेले त्याने हिरबाच्याही कानावर घातले. हिरबा संतापला. "तुला धीर झाला नाही, म्हणून मलाही मागे ओढतोस," तो म्हणाला. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे तुटले.

सखोजीने पावसाआधी छपरी उभी केली. पावसाळ्यात गलबते येत नाहीत, त्यामुळे मिरीचा भाव चढतच राहिला, आणि आचार्यांच्या शिष्यांचा जयजयकार होत राहिला. छपराखाली दोर वळताना सखोजीला कित्येकदा वाटले की आपण चुकलो. तुळजाला त्याने ते सांगितलेही. ती म्हणाली, चुकलो असू, पण निदान कोरड्या जागेत बसून चुकलो.

पावसाळा संपला. त्या वर्षी दूरच्या बेटांवर मिरी भरघोस पिकली होती. दरसाल सात-आठ गलबते येत. त्या खेपेला एका आठवड्यात तीस आली. भाव दोन दिवसांत निम्म्यावर उतरला. सगळे शिष्य एकाच गुरूचे, त्यामुळे सगळ्यांची कोठारे भरलेली आणि सगळेच एकदम विकायला धावले. घेणारा कोणी उरला नाही. आचार्य म्हणाले की तुम्ही विद्या अर्धवट शिकलात, वरचा पाठ अजून बाकी आहे, त्याची दक्षिणा वेगळी. आणि चार दिवसांनी शामियान्याच्या जागी नुसत्या खुंट्यांची भोके राहिली. पुढच्या बंदरात नवा शामियाना लागला असल्याची बातमी खलाशांनी आणली.

हिरबाजवळ ना मिरी उरली ना होडी. काही दिवसांनी तो छपरीच्या दाराशी येऊन उभा राहिला. सखोजीने 'मी सांगत होतो' असे म्हटले नाही. त्याने दोराचे एक टोक हिरबाच्या हातात दिले, दुसरे आपण धरले, आणि दोघे पीळ देऊ लागले.

बऱ्याच वेळाने हिरबाने खाली मान घालून विचारले, "मला दिसलं नाही असं तुला काय दिसलं होतं?"

"तुला दिसलं तेच," सखोजी म्हणाला. "ते खरं असावं असं मलाही फार वाटत होतं. म्हणूनच विचारायला गेलो."

हिरबा पुढे दोन वर्षे त्या छपरीत राबला, आणि मग त्याने पुन्हा एक छोटी होडी घेतली.

बोध: श्रीमंत होण्याची विद्या कोणी विकू लागला, तर तो स्वतः त्या विद्येवर जगतो की ती विकून जगतो, हे थैलीची गाठ सोडण्याआधी विचारावे.