युवराजाच्या हौदातला सोबती

एका राज्यात, जिथं पोपट दरबारात फिर्यादी वाचून दाखवत आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, एके सकाळी युवराजाचा मासा झाला. याचं मात्र झाडून सगळ्यांना नवल वाटलं.

युवराज शार्दूलदेवानं काम तसंच केलं होतं. भोवरनाथ जादूगाराच्या तळ्यातले सारे मासे त्यानं निव्वळ गंमत म्हणून काठावर उपसून टाकले आणि ते तडफडताना हसत उभा राहिला. भोवरनाथ ओरडला नाही की रागावला नाही. त्यानं नुसती चुटकी वाजवली. युवराज उभा होता तिथं मगरीच्या जबड्याचा, हातभर लांब मासा उड्या मारू लागला.

राजवाड्याच्या हौदांची राखण करणारी तुळजा भोईण तिथंच होती. आईविना वाढलेल्या युवराजाला तिनंच पाजलं होतं. "अगं बाई, माझं लेकरू!" म्हणत तिनं त्याला ओल्या पदरात घेतलं, तर लेकरानं तिच्या मनगटाचा लचका तोडला. 

भोवरनाथ म्हणाला, "याला पुरेल असं घर द्या. याला सोसेल असा सोबती द्या. दोघं सलग एक महिना एका पाण्यात राहिले आणि कुणी कुणाचा जीव घेतला नाही, तर हा माणूस होईल. दसऱ्याला सूर्य मावळला, की जन्मभर मासा."

त्यानं पाण्यानं भरलेला एक तांब्याचा गडू काठावर ठेवला. "माणसाला सोबती म्हणून धाडायचं असेल, तर हे पाजा. एकालाच पुरेल. ज्याचा जेवढा मान, तेवढा मोठा त्याचा मासा होईल." एवढं बोलून तो तळ्यात उतरला आणि पाण्यासारखा पाण्यात मिसळून गेला.

महाराज अरिमर्दन यांनी राजशिल्प्याला बोलावलं. शिल्प्यानं शिंप्यासारखी दोरी घेऊन माशाचं माप काढलं आणि त्याहून दोन हात मोठा स्फटिकाचा हौद घडवला. हिरे जडवले, मोत्यांचा तळ केला. दरबारानं वाहवा केली. तुळजाला ते माप पाहूनच धडकी भरली होती, पण भोईणीला विचारतो कोण?

पंधरा दिवसांत मासा दुप्पट झाला. वळायला गेला की थोबाड भिंतीवर आपटे. महिन्याभरात त्याला वळताच येईना; एकाच दिशेला तोंड करून तो तरंगत राहिला. मग एका दुपारी त्यानं शेपटीचा असा काही तडाखा दिला, की हौद फुटला आणि हिरे, मोती, पाणी, युवराज, सगळं प्रधानजींच्या अंगावर आलं. प्रधानजी तीन दिवस बोलले नाहीत.

तुळजानं गाईच्या गव्हाणीत पाणी भरून माशाला ठेवलं आणि ती तिथंच खाली बसली. गव्हाणीच्या कडेला एक खंड्या बसला होता. तो म्हणाला, "तुळजाबाई, आज केवढा आहे ते कशाला मोजता? केवढा होणार ते मोजा. पुरा वाढला की दहा हातांचा होईल. घर त्याच्या तिप्पट लांब आणि दुप्पट रुंद हवं."

"पाखरा, तीस हात लांब आणि वीस हात रुंद? एवढा हौद आणू कुठून?"

"दरबाराचा महाल तेवढाच आहे," खंड्या म्हणाला आणि उडाला.

तुळजानं हे सांगताच दरबारानं नाकं मुरडली. पण महाराजांनी सिंहासन अंगणातल्या चिंचेखाली हलवलं, महालाची दारं शिशानं बुजवली आणि नदीचा एक पाट आत सोडला. मासा महालात शिरला, खांबांना वळसा घालून परत आला. तो सुखानं वळलेला तुळजानं पहिल्यांदाच पाहिला. तिला रडू आवरेना.

घर झालं, आता सोबती. इथं त्या राज्याची रीत आडवी आली. महाराज सोडून कुणीही युवराजासमोर त्याच्याहून उंच दिसायचं नाही, अशी ती रीत. उंच सरदार गुडघे वाकवून चालत. एकदोघांना ती सवयच जडली होती. प्रधानजी म्हणाले, "सोबतीही युवराजांहून लहानच हवेत." पन्नास सोनेरी मासे आणले. तुळजा "नको, नको" म्हणेस्तोवर ते सोडलेसुद्धा. तिनं डोळ्यांवर हात घेतला आणि काढला, तेवढ्यात पन्नासच्या पन्नास संपले होते. युवराज ढेकर दिल्यासारखा एक बुडबुडा सोडून निवांत तरंगत होता.

मग सेनापतींनी आपल्या किल्ल्याच्या खंदकातला तेवढाच थोर, तसाच दातांचा मासा पाठवला. रीत थोडी वाकवली. दोघांनी एकमेकांना पाहिलं मात्र, पाणी लाल झालं. तुळजानं जाळं टाकून कसंबसं दोघांना वेगळं केलं. युवराजाचा एक पर गेला, पाहुण्याचा जीवच गेला.

दसऱ्याला एक महिना आणि एक दिवस उरला. प्रधानजी म्हणाले, "सोबती माणसाच्या मनाचा हवा. तुळजाची लेक सगुणा युवराजांची दूधबहीण आहे, आणि मानानं लहानही. गडूतलं पाणी तिला पाजावं." महाराजांनी मान डोलावली.

तुळजानं लेकीला मागं ओढलं. भोईणीच्या लेकीचा मान केवढा? बोटाएवढी मासोळी होईल, एवढाच.

सगुणा म्हणाली, "आई, मी जाते. आम्ही एका मांडीवर वाढलो. तो मला ओळखेल."

"बाळे, त्यानं मला ओळखलं नाही," तुळजानं मनगटावरचा वण दाखवला. "तोंडात काय मावतं, तेवढंच त्याला कळतं."

खंड्या चिंचेवर येऊन बसला होता. "तुळजाबाई, जे तोंडात मावतं ते तो खातो. जे त्याच्या जोडीचं, त्याच्याशी झुंजतो. सोबती हवा त्याच्याहून मोठा, आणि शांत."

तुळजानं गडूकडे पाहिलं. मग सिंहासनाकडे पाहिलं. जे सुचलं त्यानं तिची तीच हादरली. पण लेक शेजारी उभी होती. ती पुढं झाली.

"महाराज, या राज्यात युवराजांहून मोठे फक्त आपणच आहात."

तलवारी उपसल्या गेल्या. प्रधानजी चिंचेआड झाले. महाराजांनी महालातल्या पाण्याकडे पाहिलं. मुलाचा रोज सकाळी मुजरा घ्यायचा आणि संध्याकाळी घ्यायचा, याखेरीज त्याच्यासोबत त्यांनी एक घटकाही घालवली नव्हती.

"तो मला खाईल?" त्यांनी विचारलं.

"मावणार नाही आपण. पण चावेल, महाराज. पहिले काही दिवस फार चावेल."

"मग मी काय करायचं?"

"उलट चावायचं नाही."

 मग महाराजांनी मुकुट काढून सगुणाच्या हातात दिला आणि गडू तोंडाला लावला. पंधरा हातांचा करडा मासा महालाच्या पाण्यात उतरला, तेव्हा भिंती थरथरल्या.

युवराज तुटून पडला. तुळजा काठावर नखं कुरतडत राहिली. करडा मासा चावे सोसत होता, हलत नव्हता, पळतही नव्हता. सकाळ-संध्याकाळ तुळजा महालाच्या एका टोकाला युवराजाला घास टाकी आणि त्याच क्षणी दुसऱ्या टोकाला सगुणा महाराजांना. घासावरून भांडण नको, आणि कुणी उपाशीही नको. नवव्या दिवशी चावे थांबले. विसाव्या दिवशी दोघं एकाच खांबाच्या सावलीत झोपलेले दिसले. तुळजानं लेकीला हाक मारून दाखवलं, तरी तिला स्वतःला ते खरं वाटेना.

दसऱ्याला सूर्य टेकला आणि महालातलं पाणी आपोआप ओसरलं. ओल्या फरशीवर बाप-लेक बसले होते. युवराजाला काहीच आठवत नव्हतं. त्यानं महाराजांच्या खांद्यांवरच्या, पाठीवरच्या जखमा पाहिल्या आणि तो दचकला.

"महाराज, हे कुणी केलं?"



"पाण्यात एक मासा होता," महाराज म्हणाले.

"आपण त्याला मारलं नाहीत?"

"नाही, बाळ. तो घाबरला होता."

युवराज बापाच्या जखमांकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. तो असा हंबरडा फोडून रडला, की चिंचेवरचे पोपट उडाले. महाराजांनी सर्वांदेखत त्याला कुशीत घेतलं. प्रधानजींना कुठं पाहावं ते कळेना.

त्या दिवसापासून त्या राज्यात उंच माणसं ताठ चालू लागली. त्या बाप-लेकांचं मन जसं निवलं, तसं सांगणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचंही निवो.