टुवीची कुंडी आणि स्टुलाचा सैल पाय

बसलात का सगळे? हात मांडीवर, कान इकडे.

एक होती टुवी. अंगठ्याएवढी. हिरव्या पाठीची, उभ्या शेपटीची. टुवी होती शिंपीण. शिंपीण म्हणजे पानं शिवून घरटं करणारी पक्षीण. सुई कुठली? चोचीची. दोरा कुठला? कापसाचा.

लखूअण्णा सुतारांच्या पडवीत एक स्टूल होतं. स्टुलावर कुंडी. कुंडीत वांग्याचं रोप. रोपाची दोन पानं टुवीनं शिवली, आत कापूस भरला आणि तीन अंडी घातली. कुंडी खाली का नाही ठेवली? खाली शेळी होती ना. तिनं पानं, घरटं, सगळं फस्त केलं असतं.

आता लखूअण्णा साऱ्या गावाला पलंग करून देत, पाळणे करून देत. पण घरचं स्टूल? ते आपलं डुगडुग, डुगडुग. अण्णा म्हणायचे, उद्या बघू. उद्या आला की म्हणायचे, परवा बघू. त्यात उन्हानं लाकूड सुकलं. सुकलेलं लाकूड आक्रसतं. स्टुलाचा पाय झाला सैल. आणि एका सकाळी,

खट्ट.

पाय स्टुलाच्या भोकातून निखळून खाली पडला. स्टूल कललं. कुंडी कलली आणि भिंतीला टेकली. घरटं तिरकं झालं. आतली तीन अंडी हळूहळू काठाकडे सरकली. टुवी झेपावली. तिनं अंडी छातीनं मागे ढकलली. काठाशी कापसाचा बोळा कोंबला. पण बोळा किती वेळ टिकणार?

टुवी खाली उतरली. टुणटुण उड्या मारत पायाजवळ गेली.

"पायदादा, पायदादा, भोकात बसतोस का?
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

पाय म्हणाला, "मी नाही बसणार. मी आहे सैल. पाचर शिरली तर मी बसेन."

पाचर म्हणजे लाकडाचा चपटा तुकडा. फटीत ठोकला की सैल ते घट्ट होतं. पाचर होती अण्णांच्या कामाच्या खोलीत. टुवी उडाली. फुर्रर्र.

"पाचरताई, पाचरताई, फटीत शिरतेस का?
पाय बसेना,
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

पाचर म्हणाली, "मी नाही शिरणार. मी आहे जाड. पटाशीनं तासलं तर मी शिरेन."

पटाशी भिंतीवर टांगलेली. सपाट तोंडाची, लांब दांड्याची, लाकूड तासणारी. टुवी उडाली. फुर्रर्र.

"पटाशीमावशी, पटाशीमावशी, पाचर तासतेस का?
पाचर शिरेना,
पाय बसेना,
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

पटाशी म्हणाली, "मी नाही तासणार. मी आहे बोथट. बोथट पटाशी लाकूड चावते, तासत नाही. दगडानं घासलं तर मी तासेन."

धारेचा दगड कोपऱ्यात बसला होता. गप्प. टुवी उडाली. फुर्रर्र.

"दगडोबा, दगडोबा, पटाशी घासतोस का?
पटाशी तासेना,
पाचर शिरेना,
पाय बसेना,
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

दगड म्हणाला, "मी नाही घासणार. मी आहे कोरडा. कुपीनं थेंब दिला तर मी घाशीन."

टुवीनं दारातून पडवीकडे पाहिलं. कापसाचा बोळा थोडा पुढे आला होता. ती घाईनं तेलाच्या कुपीवर जाऊन बसली. कुपीला होती लांब चोच. टुवीसारखीच, पण पत्र्याची.

"कुपीमामी, कुपीमामी, थेंब देतेस का?
दगड घासेना,
पटाशी तासेना,
पाचर शिरेना,
पाय बसेना,
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

कुपी म्हणाली, "मी नाही देणार. माझ्या चोचीत भुसा. टोचणीनं टोचलं तर मी थेंब देईन."

टोचणी कुठं आहे? खिळ्यांच्या डब्यात नाही. फळीवर नाही. टुवी शोधतेय, शोधतेय. शेवटी जमिनीवरच्या भुशाच्या ढिगातून बारीक आवाज आला. काम झाल्यावर टोचणी कुणी जागेवर ठेवलीच नव्हती.

"टोचणीबाई, टोचणीबाई, चोच टोचतेस का?
कुपी थेंब देईना,
दगड घासेना,
पटाशी तासेना,
पाचर शिरेना,
पाय बसेना,
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

टोचणी म्हणाली, "मी नाही टोचणार. मी आहे भुशाखाली. केरसुणीनं लोटलं तर मी टोचेन."

केरसुणी दारामागे उभी. टुवी उडाली. पण आता फुर्रर्र नाही, नुसतंच फुर्र. पंख दमले होते बिचारीचे.

"केरसुणीआजी, केरसुणीआजी, भुसा लोटतेस का?
टोचणी टोचेना,
कुपी थेंब देईना,
दगड घासेना,
पटाशी तासेना,
पाचर शिरेना,
पाय बसेना,
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

केरसुणी म्हणाली, "मी नाही लोटणार. मला कुठं हात आहेत, बाळा? अण्णांनी धरलं तर मी लोटेन."

खरं तर हात कुणालाच नव्हते. ना पटाशीला, ना दगडाला, ना कुपीला. पण ते कबूल केलं एकट्या केरसुणीनं. बाकीचे ऐटीत होते.

लखूअण्णा होते खोलीतच. पण त्यांचं लक्ष कुठं होतं? ते फळ्या उचलून बघत होते. डबे उलटे करत होते. जेवणाच्या डब्यातही डोकावले. शेळीवरही ओरडून झालं, तूच खाल्लीस म्हणून. शेळी म्हणाली, बें.

टुवी त्यांच्यासमोर फळीवर बसली. मोठ्ठा श्वास घेतला.

"अण्णा, अण्णा, केरसुणी धरता का?
केरसुणी लोटेना,
टोचणी टोचेना,
कुपी थेंब देईना,
दगड घासेना,
पटाशी तासेना,
पाचर शिरेना,
पाय बसेना,
कुंडी सरळ होईना,
अंडी माझी राहीनात."

अण्णा म्हणाले, "मी नाही धरणार. माझी पेन्सिल हरवली. दोनदा मापायचं, पेन्सिलीनं खूण करायची, मगच हत्यार धरायचं. माझी रीतच आहे ती. पेन्सिल मिळाली तर मी केरसुणी धरीन."

आता आली का पंचाईत? आता टुवीनं जायचं कुणाकडे? पेन्सिलीकडे जावं, तर पेन्सिलच हरवलेली. टुवीला रडू आलं. तिनं डोळे मिटले. मग उघडले. अण्णांच्या पायांकडे बघितलं. पोटाकडे बघितलं. तोंडाकडे बघितलं. कानाकडे बघितलं.

कानावर काय होतं, सांगा बरं?

हो. लाल लाल, टोकदार, पेन्सिल.

टुवी उडाली. अण्णांच्या खांद्यावर बसली. चोचीनं पेन्सिल धरली. टुचुक. पेन्सिल खाली पडली. टप्प.

अण्णांनी पेन्सिलीकडे पाहिलं. टुवीकडे पाहिलं. मग कान चाचपला. त्यांचे दोन्ही कान लाल झाले.

"माझंच चुकलं गं टुवी," अण्णा म्हणाले. "हा पाय मी कधीच बसवायला हवा होता."

आधी अण्णा पडवीत गेले. दोन्ही हातांनी कुंडी उचलली. विरजण लावलेल्या दुधाचं भांडं उचलावं, इतकी हळू. कुंडी खिडकीत सरळ ठेवली. आणि मग?

अण्णांनी केरसुणी धरली. सर्र सर्र.

केरसुणीनं भुसा लोटला. टोचणी निघाली.

टोचणीनं चोच टोचली. टुच टुच.

कुपीनं थेंब दिला. टप्प. अण्णा म्हणाले, पुरे. दगडाला एक थेंब बास होतो.

दगडानं पटाशी घासली. घस घस, घस घस. अण्णांनी पटाशी एका बाजूनंच तिरकी धरली, डुलू दिली नाही. पटाशीला धार आली. कागद कापील अशी.

अण्णांनी फट दोनदा मापली, पाचरेवर पेन्सिलीनं खूण केली. पटाशीनं पाचर तासली. खर्र खर्र. लाकडावर रेघा असतात ना, त्या रेघांच्या वाटेनं. उलट्या वाटेनं गेलं की लाकूड चिडतं, त्याचे काटे निघतात. पाचर झाली पातळ. एका टोकाला तर पानाएवढी.

अण्णांनी पाय भोकात घातला. फटीत पाचर ठेवली. आणि लाकडी हातोडा उचलला, चांगला डोक्याच्या वर.

"अण्णा, हळू," टुवी म्हणाली.

"बरोबर बोललीस," अण्णा म्हणाले. जोरात ठोकलं असतं तर लाकूड तडकलं असतं आणि सगळीच मेहनत वाया गेली असती. मग त्यांनी हळूच ठोकलं. ठक. थोडं थांबले. ठक. अजून एकदा. ठक.

पाचर शिरली. पाय बसला.

अण्णांनी स्टूल उभं केलं. त्यावर तळवा ठेवून दाबून पाहिलं. इकडून दाबलं, तिकडून दाबलं. नाही हललं. मग त्यांनी कुंडी अलगद त्यावर ठेवली. कुंडी सरळ झाली. शेळीनं मान उंच केली, जीभ लांब केली, पण वांग्याच्या पानापर्यंत काही पोचली नाही.

टुवी घरट्यात शिरली. अंडी मोजली. एक. दोन. तीन. तिन्ही होती. टुवीला इतका आनंद झाला की तिनं पुन्हा मोजली. एक, दोन, तीन. मग ती त्यांच्यावर पोट टेकून बसली. पंख फार दुखत होते. तिनं ते मिटून घेतले.

स्टूल हलेना. कुंडी हलेना. पानसुद्धा हलेना.

आणि मग टुवीच्या पोटाखाली काहीतरी हललं.

टुक.

टुवीनं मान वाकवली. कान दिला.

टुक टुक. टुक टुक.

मधलं अंडं आतून वाजत होतं. आतलं पिल्लू बारीक चोचीनं दार वाजवत होतं, येऊ का म्हणून.

"ये बाळा," टुवी म्हणाली. "आता आपलं घर हलत नाही."