अक्कांचा डेलिया आणि बुवांचं मशीन

"...पण अक्का, आसक्ती समूळ जाते, ती नेमकी कधी?"

जनार्दनबुवा खटावकरांनी हा प्रश्न डोळे मिटून विचारला होता. डोळे उघडले, तर समोरची चटई रिकामी.

कावेरीअक्का बागेकडे पळत सुटल्या होत्या. अनवाणी. वय ऐंशीच्या पुढं.

"उघडलं! अरे, उघडलं! रेश्मा, धाव गं!"

शिवणाच्या खोलीतून रेश्मा मुलाणी धावत आली. गळ्यातली टेप तशीच लोंबत होती, हातात कात्री. बुवाही उठले, पण सावकाश. ज्यांच्या वैराग्यावरच्या प्रवचनांना सातारा-सांगलीत मंडप अपुरे पडतात, त्यांनी फुलासाठी पळावं हे काही बरं दिसत नाही.

पाचगणीच्या पलीकडच्या डोंगरउतारावर अक्कांचा आश्रम आहे. आश्रम म्हणजे दोन खोल्या. एकीत अक्कांहूनही थोरली, हातानं फिरवायची काळी शिलाई मशिनं. गावातल्या बायका तिथं शिवण शिकतात. बाहेर डेलियाची बाग. ज्याला ब्रह्मज्ञान हवं असेल, त्यानं या दोहोंच्या मधे चटईवर बसायचं आणि अक्कांना सवड होईल तेव्हा विचारायचं.

"डेलियाच तर आहे," बुवा म्हणाले.

"बियाण्याचा आहे रे! कंद लावला की मागचंच फूल पुन्हा येतं. बियाण्यातून काय निघेल, कुणी सांगावं! असलं फूल या जगात आजवर कुणी पाहिलेलं नाही. आपण तिघं पहिली!"

फूल खरोखरच अचाट होतं. पिकल्या जांभळाचा रंग, प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं, आणि आकार चांगला ताटलीएवढा.

"अगं बया!" रेश्मा म्हणाली. "अक्का, लई भारी हाय हो!"

"चार दिवसांत कोमेजेल," बुवा म्हणाले.

"चारच? मग बघ की नीट! उभा काय राहिलास?"

अक्का फुलाभोवती फिरल्या. खाली वाकल्या, वर पाहिलं, टाळ्या वाजवल्या. बुवांना कसंनुसं झालं. एवढ्या लांबून ज्यांच्या पायाशी यायचं, त्याच अशा लहान पोरासारख्या...

"रेश्मा, आज तुझ्या नणंदेची मंगनी ना?"

"व्हय अक्का. म्हणून लवकर निघायचंय."

अक्कांनी तिच्या हातातली कात्री घेतली. कच्... देठ कापला. फूल रेश्माच्या ओंजळीत ठेवलं.

"अक्का! एकच तर फूल हुतं!"

"पाण्यात ठेव, जा. उन्हात धरू नकोस."

रेश्मा आत गेली. बुवांचा चेहरा उजळला. हवा होता तो गुरू अखेर दिसला म्हणायचा!

"वा, अक्का! किती सहज दिलंत!"

"सहज?" अक्कांनी पदरानं डोळे टिपले. "पोटात कालवलं रे माझ्या."

बुवा गोंधळले. मग स्वतःच्या कामाकडे वळलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं.

"अक्का, मला अनुग्रह द्या. मी सगळं सोडून आलोय. घर भावाला दिलं, ग्रंथ वाचनालयाला. आई गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. प्रवचनात हे सांगतो, तेव्हा लोक टाळ्या वाजवतात."

"वाजवणारच."

"शेवटची एकच वस्तू उरली होती. तीही आणलीय. आईचं शिलाई मशीन. तुमच्या बायकांना होईल. हे एकदा दिलं की मी मोकळा."

मशीन जीपमधून उतरून चटईवर आलं. लाकडी झाकण काढताच अक्कांचा जीव पुन्हा फुलला.

"अगं बाई! काय देखणं आहे! ही सोनेरी वेल बघ. आणि इथं घासून गेलीय, बघितलंस? कापड सरकून सरकून. चालतं का?"

"नाही. आई गेल्यापासून झाकलेलंच होतं. सहा वर्षं झाली."

अक्कांनी झाकण परत बसवलं.

"मग हे दान नाही, जनार्दना. ही अडगळ आहे. इथं घेत नाही."

बुवांच्या कानशिलांना झिणझिण्या आल्या. भर सभेत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं... इथं सभा नव्हती, एवढंच काय ते बरं.

"दुरुस्त करून देतो. साताऱ्यात कारागीर आहे."

"तू कर. रॉकेल आणि चिंध्या आत आहेत."

बुवांनी बाह्या सारल्या. सुईखालची पट्टी काढली. आत तेल सुकून डिंक झालेलं, त्यात तुसं आणि धुळीची गच्च गुठळी. सुईचं मोडकं टोक. ते खरवडत राहिले, रॉकेल सोडत राहिले. हात काळे झाले. शुभ्र सदऱ्याचं तर विचारूच नका.

गुठळीतून एक दोरा निघाला. ओढला, तर आणखी आला. पिवळा.

बुवांचा हात थांबला.

"काय झालं?" अक्कांनी विचारलं.

"हा माझ्या पिशवीचा दोरा आहे. पोथीच्या. प्रत्येक दौऱ्याला ती नवी पिशवी शिवायची. मी म्हणायचो, आई, आहेत की चार... तरी शिवायची. ही शेवटची अर्धीच राहिली वाटतं."

अक्कांनी तेलाची बुधली पुढं सरकवली.

बुवांनी तेल सोडलं, सुई बदलली, दोरा ओवला. हँडल फिरवलं. दोरा तुटला. पुन्हा ओवला. पुन्हा तुटला. मग बुवांनी जोर लावला आणि आतून असा आवाज आला की शिवणाच्या खोलीतून रेश्मा ओरडली, "बुवा, मोडाल की!"

"उलटं फिरवतोयस," अक्का म्हणाल्या. "आई कशी फिरवायची?"

"आई फिरवत नसे." बुवा बोलता बोलता थबकले. "मी फिरवायचो. ती दोन्ही हातांनी कापड धरायची आणि मी हँडल. ती म्हणायची, हळू रे, हळू... आता पळव! आणि मी असा पळवायचो..."

आणि हात आपोआप फिरला. पलीकडच्या बाजूनं.

खट्... खट्... खटखटखटखट!

"चाललं!" बुवा उभेच राहिले. "अक्का, चाललं! अहो, चाललं ना!"

"चिंधी घाल आधी! तेल पुसलं जाऊ दे! मग कापड!"

चिंधीवर तेलाची नक्षी उमटली. दुसरीवर कमी. तिसरी कोरडी निघाली. मग अक्कांनी पांढरा तुकडा दिला आणि त्यावर टाका उमटला तो असा, की रेश्मा हातातलं काम टाकून पाहायला आली.

"किती सुबक टाका हाय! आमच्या मशिनीचा बी असा पडत नाय."

बुवा तो तुकडा नाचवत बागेत धावले. होय, धावले. सदऱ्यावर तेल, डोळ्यांतून पाणी, आणि त्या पाण्याचं त्यांना भानही नव्हतं. अक्काही त्यांच्यामागं टाळ्या वाजवत. सहा वर्षांचं रडणं आणि त्याहून जुनं हसणं, दोन्ही एकदम बाहेर पडलं. बघणाऱ्याला यात आश्रमाचा प्रमुख कोण आणि प्रवचनकार कोण, हे काही कळलं नसतं.

परत आल्यावर बुवांनी मशीन पुसलं. सोनेरी वेल तर दोनदा पुसली. झाकण अलगद बसवलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

"अक्का, रागावू नका. अनुग्रह राहू द्या."

"का रे?"

"हे मी घरी नेतो. देवघराशेजारी ठेवीन. रोज थोडं चालवीन. मला शिवता येत नाही, पण शिकेन. पिशवी पुरी करीन. ह्या मशीनवर... ह्याच्यावर माझा फार जीव आहे हो. मला ठाऊकच नव्हतं."

"खरंच आहे?"

"शपथ घेऊन सांगतो!"

अक्कांचा चेहरा सकाळच्यासारखा झाला. कळी उमललेली पाहिली होती तेव्हा होता ना, तसाच.

दारात रेश्मा जायला निघाली होती. हातात ते फूल, काखेत अर्धवट शिवलेलं पोलकं. घरी मशीन नसल्यानं ते उद्या परत इथंच आणायचं होतं.

"रेश्मा, थांब जरा," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी आधी मशीनकडे, मग बुवांकडे पाहिलं.

"हं. आता दे."