पडद्यावर पांघरलेली शाल

एकदा एक शिष्य दूरदेशी संगणकविद्या शिकून आपल्या गावी परतला. तिकडे मराठी अक्षरे पडद्यावर मोडकीतोडकी उमटलेली पाहून त्याचा जीव तुटत असे. म्हणून गावच्या वाचनालयाने अभ्यासिकेतील जागांची नोंदणी संकेतस्थळावरून करायचे ठरवले, तेव्हा ते काम त्याने हौसेने अंगावर घेतले. शीर्षके, सूचना, अगदी बटणांवरचे शब्दही त्याने सुलेखनकाराकडून बोरूने लिहून घेतले आणि त्यांची चित्रे पानावर मांडली. इतके देखणे मराठी पान आपण पाहिलेले नाही, असे त्याला वाटे. ते खरेही होते.

नोंदणीच्या दिवशी सकाळपासून संकेतस्थळ खुले झाले आणि दुपारी समारंभ ठेवला गेला. त्यासाठी शिष्याचे शाळेतले वृद्ध गुरुजी आले. अध्यक्षांनी त्यांना शाल-श्रीफळ दिले. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पान झळकताच टाळ्यांचा कडकडाट झाला आणि शिष्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात गुरुजी उठले. त्यांनी खांद्यावरची नवी शाल काढली आणि त्या पडद्यावर पांघरली.

"अहो गुरुजी, हे काय?" अध्यक्ष गडबडले.

"आता वाच," गुरुजी शिष्याला म्हणाले.

"झाकल्यावर कसं वाचू, गुरुजी?"

"तू नको. यंत्राला मोठ्यानं वाचायला सांग. ती सोय असते ना त्यात?"

शिष्याने ती सोय सुरू केली. यंत्र एकसुरी आवाजात म्हणाले, "चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण."

"मंत्र म्हणतंय का काय!" मागून कोणीतरी बोलले. हशा पिकला. शिष्याचे कान तापले.

"माझा फोनही सकाळपासून हाच जप करतोय," पहिल्या रांगेतून हेमांगी म्हणाली. तीही गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिला दिसत नसे. फोन वाचून दाखवी ते ऐकून ती न्यायालयातील नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होती. घरी दिवसभर यंत्रमाग धडधडत, त्यामुळे ऐकू काहीच येत नसे. अभ्यासिकेतली शांत जागा मिळाली नाही, तर परीक्षा हातची जाणार होती. आणि नोंदणी त्याच संध्याकाळी बंद होणार होती.

"ताई, द्या फोन. मी भरतो तुमचा अर्ज," शिष्य घाईने म्हणाला.

"आज भराल हो. परवा जागा बदलायची झाली, तर तुम्हाला गावभर शोधत फिरू?"

शिष्याने फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बाळा, तुझं मराठीवरचं प्रेम अस्सल आहे. मला त्याचा अभिमान आहे. पण तू शब्दांची चित्रं केलीस आणि शब्द मुके झाले. कोणी ऐकून वाचतं. कोणी अक्षर मोठं करून वाचतं. कोणाचा हात थरथरतो, त्याला माऊस धरवत नाही. तो नुसत्या कळफलकावरच्या कळा दाबत पुढे जातो. शब्द शब्दच राहू दे, म्हणजे ज्याला जसा हवा तसा तो पोचेल. हे उपकार म्हणून करू नकोस. एवढं झाल्याशिवाय काम पुरं झालं असं म्हणू नकोस, इतकंच."

शिष्य तिथेच कामाला बसला. "चहा तरी घ्या," अध्यक्ष म्हणाले, पण चहा तसाच निवत राहिला. एकेक चित्र काढून त्याने तिथे साधी अक्षरे टंकली, प्रत्येक बटणाला नाव दिले, माऊसवाचून सारे चालते का ते पाहिले. पान साधे दिसू लागले. उन्हे कलली होती. मग हेमांगीने फोन कानाशी धरला आणि बोट फिरवले.

"अभ्यासिका. जागा निवडा," फोन बोलला; आणि थोड्या वेळाने, "खिडकीजवळची जागा. नोंदणी पूर्ण झाली."

"खिडकीजवळची कशाला गं तुला?" अध्यक्षांनी विचारले.

"का? वारा काय डोळसांनाच लागतो, काका?"

सगळे हसले, अध्यक्षही. "येते गुरुजी," म्हणून हेमांगी निघाली. शिष्याचे आभार तिने मानले नाहीत. त्याच्याकडे तिने काही मागितलेच नव्हते. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना शिष्याला नेमका त्याचाच अभिमान वाटला.

जे वापरताना कोणालाही कोणाचे आभार मानावे लागत नाहीत, ते सार्वजनिक काम खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले असे समजावे.