राणीचे माप

एका नाटक मंडळीत एकदा असे झाले.

मंडळीचा एक वृद्ध शिंपी होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. नरहरी नावाचा शिष्य त्याच्या हाताखाली बरीच वर्षे शिकत होता. काज करणे, तुरपाई, इस्त्री यांतून तो वर आला होता. पण बेतण्याची कात्री मास्तरांनी अजून त्याच्या हाती दिली नव्हती. ते त्याच्या मनाला खात असे.

मंडळीने नवे नाटक घेतले. त्यात परदेशातील एक राणी होती. तिचा पोशाख मालकाला तिकडच्याच तऱ्हेचा हवा होता. छातीपासून कमरेपर्यंत घट्ट चोळी, आत वेताच्या पट्ट्या, पाठीवर नाडी ओवून आवळायची. आणि खाली झालरीवर झालर चढवलेला घेरदार झगा. राणीचे काम गिरजाबाईंचे होते. आयुष्यभर त्या नायिकाच झाल्या होत्या. परंतु मागच्या पावसाळ्यात छातीच्या मोठ्या दुखण्यातून त्या उठल्या, आणि नंतर अंगाने सुटल्या. मालक त्यांना तोंडावर म्हणाला, “पोशाख अंगावर शोभला तर तुम्ही राणी. नाहीतर सुभद्रा आहे.” सुभद्रा म्हणजे मंडळीत नव्याने आलेली मुलगी.

गिरजाबाई शिवणाच्या तंबूत आल्या. “नरहरी,” त्या म्हणाल्या, “माझं सगळं आता तुम्हा लोकांच्या हातात आहे बघ.”

त्या गेल्यावर नरहरी मास्तरांना म्हणाला, “हा पोशाख मी बेततो.”

“असला कधी बेतलायस?”

“नाही. पण तुम्ही तरी कुठे बेतलाय?”

मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कात्री त्याच्याकडे सरकवली. “बेत. मी मध्ये बोलणार नाही.”

नरहरीने बाईंना बोलावले. “बाई, राणी उभी राहते तशा उभ्या राहा,” तो म्हणाला. बाईंनी मान ताठ केली, खांदे मागे घेतले, श्वास आत ओढून धरला. फीत कमरेभोवती फिरली. त्याच मापावर नरहरीने कागद कापला.

मग जे हाल सुरू झाले ते त्याचे त्यालाच ठाऊक. पहिली चोळी त्याने मांजरपाटाची शिवून पाहिली. ती पोटावर फुगली आणि काखेत काचली. दुसरीतल्या वेताच्या पट्ट्या वाकताच मोडल्या आणि त्यांची टोके कापडातून बाहेर आली. त्याने वेत भिजवून, घासून, टोकांना चिंध्या गुंडाळून पुन्हा बसवले. झालरीचे दुखणे वेगळेच. सगळी लांबी त्याने एकाच धावदोऱ्यावर चुणली. शेवटची चूण ओढताना दोरा तुटला आणि सगळ्या चुण्या जमिनीवर उलगडून पडल्या. मंडळीचे पेटीवाले दारातून डोकावले. “नरहरी, अजून दोन वार लाव रे. राणीला नाही झाली तर पडद्याला होईल!” नरहरीने सुईत पुन्हा दोरा ओवला. पुढे झालरींच्या वजनाने झगाच खाली ओघळू लागला, तेव्हा त्याने कमरेला आतून जाड पट्टा घातला. बोटे सुईने भोसकून निघाली. मास्तर शेजारी बसून काज करीत असत. एकदाही त्यांनी मान वर केली नाही.

अखेर पोशाख झाला. तालमीच्या दिवशी बाईंच्या पाठीवरची नाडी नरहरीने स्वतः आवळली. बाई रंगमंचावर येऊन उभ्या राहिल्या आणि मंडळी बघतच राहिली. दुखणे नाही, वय नाही. समोर राणी उभी होती. मालक म्हणाला, “वा! राणी तुम्हीच.” बाईंचे डोळे भरून आले. नरहरीची छाती फुगली.

तेव्हा मास्तर उठले. स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि पिठले घेऊन ते बाईंपुढे गेले. “बाई, बसा. चार घास खा.”

“आत्ता? भलतंच काय मास्तर!”

“बसा म्हणतो ना.”

मास्तरांचा शब्द मोडण्याची मंडळीत रीत नव्हती. बाई कशाबशा टेकल्या. दोन घास गिळले, तिसरा हातातच राहिला.

“आता राणीचं पद म्हणा.”

पेटीवाल्यांनी सूर धरला. पहिली ओळ बाईंनी निभावली. दुसऱ्या ओळीत स्वर वर चढला आणि मध्येच तुटला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. चेहरा राखेसारखा झाला, हात हवेत काहीतरी शोधू लागला. मास्तरांनी आपली काज करायची छोटी कात्री घातली आणि पाठीवरची नाडी वरपासून खालपर्यंत कापून टाकली. पाठ उघडी पडायच्या आत त्यांनी आपले उपरणे बाईंच्या खांद्यावर टाकले होते. बाईंनी मोठा श्वास घेतला, आणि तोंडात उपरण्याचे टोक कोंबून त्या आत निघून गेल्या.

मालकाने सुभद्रेला हाक मारली.

तंबूत नरहरी मास्तरांवर तुटून पडला. “तुम्हाला माझं काम बघवलं नाही! सगळ्यांदेखत बाईंचं वाटोळं केलंत. राणी जेवते कुठे नाटकात?”

“राणी जेवत नाही,” मास्तर म्हणाले. “बाई जेवतात. त्या जेवतात, खोकतात, रडतात, आणि मग रंगमंचावर येऊन गातात. तू म्हणालास, राणी उभी राहते तशा उभ्या राहा. त्या राहिल्या. माणसाला कुणी चांगलं दिस म्हटलं, की ते श्वास धरून उभं राहतं. ते त्याचं माप नसतं. ती त्याची हौस असते. तू राणीचं माप घेतलंस. कपडा बाईंना घालायचा होता.”

“हे आधी का नाही बोललात?”

“बोललो असतो तर तू चार बोटं सैल शिवलं असतंस, आणि म्हाताऱ्याला समजत नाही असं मनात म्हणाला असतास.”

नरहरी खाली बसला. थोड्या वेळाने कनात हलली. गिरजाबाई आत आल्या. डोळे सुजले होते, पण आवाज बांधून धरलेला होता. त्यांनी मास्तरांकडे पाहिलेच नाही. “नरहरी, नवी नाडी घाल. मी उपाशी राहून गाईन. आवाज बसला तर बसू दे, पडले तर पडू दे. मालकाला मी वळवते. तू फक्त आवळून दे.”

नरहरीने मास्तरांकडे पाहिले. मास्तर म्हणाले, “कात्री तुझ्याकडे आहे. मी मध्ये बोलणार नाही.”

चोळी मांडीवर पडली होती. इतक्या खटपटीने उभा केलेला पहिलाच बेत. एक नाडी ओवली की तो पुन्हा लोकांपुढे येणार होता. नरहरीने तिच्यावरून हात फिरवला. हाताला वेताच्या पट्ट्या लागल्या, आणि हवेत चाचपडणारा बाईंचा हात त्याला दिसला.

“नाही बाई,” तो म्हणाला. “मी नाही आवळणार. तुमच्या अंगाला बसेल असा दुसरा शिवतो. सैल.”

“सैल पोशाखातली राणी मालकाला नको आहे. ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे.”

“म्हणजे तूच घालवतोस मला.”

नरहरीने मान खाली घातली. बाई वळल्या. जाताना म्हणाल्या, “तुझ्या गुरूनं नुसतं उसवलं होतं रे. फेकलंस तू.”

राणीचे काम सुभद्रेला गेले. गिरजाबाईंना राणीच्या आईचे काम मिळाले, एका पदाचे. नरहरीने त्यांना साधा, मोकळा झगा शिवून दिला. पहिल्या प्रयोगाला त्यांचा स्वर मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला. पण पुढे मंडळीत असेपर्यंत त्या नरहरीशी एक शब्द बोलल्या नाहीत. झग्याची शिवण उसवली तरी त्या स्वतःच शिवून घेत.

आणि सुभद्रा जेव्हा माप द्यायला आली होती, तेव्हा तिनेही मान ताठ केली होती, पोट आत ओढले होते. नरहरी फीत हातात धरून नुसता थांबला.

“घ्या ना माप,” ती म्हणाली.

“आधी श्वास सोड.”

ती ओशाळली. तिने इकडेतिकडे पाहिले, मग श्वास हळूहळू सोडला. कोपऱ्यात काज करणाऱ्या मास्तरांनी प्रथमच मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

आपल्या घरच्या माणसांची मापे आपण त्यांनी श्वास धरला असताना घेतली आहेत की सोडल्यावर, ते ज्याचे त्याने पाहावे.