वाऱ्यावर फिरणारा वायपर

मोटारसायकली मोजक्याच लोकांकडे असत, त्या काळी गुरांचे डॉक्टर केरकर यांच्या हेल्मेटच्या काचेवर एक बोटभर वायपर बसवलेला होता. गाडी पळू लागली की त्याचा छोटा पंखा वाऱ्याने फिरे आणि वायपर काचेवरचे पाणी पुसून काढी. पाऊस उघडला की डॉक्टर खिटी लावून त्याला थांबवीत.

वायपरला या थांबण्याची भीती वाटे. रिकामा दिसलो तर मला काढून टाकतील, असे त्याच्या मनाने घेतले. एकदा खिटी सैल झाली, तेव्हापासून तो कोरड्या रस्त्यावरही फिरू लागला.

"अरे, जरा थांब. धुळीने मला ओरखडे पडताहेत," काच म्हणाली.

"तुझं बरं आहे. तू नुसती बसलीस तरी चालतं. मला काम करताना दिसावं लागतं."

दिवाळीपर्यंत काच इतकी खरवडली गेली, की डॉक्टरांना भर उन्हातही समोरची बैलगाडी नीट दिसेना. त्यांनी हेल्मेट मिस्त्रीपुढे ठेवले.

"काच बाद झाली, डॉक्टरसाहेब. नवी बसवतो."

"आणि वायपर? तो चांगला चालतोय."

"तो काचेतच पक्का ठोकलाय. काचेबरोबरच जाणार."