पानावरचा पाहुणा

"हा माणूस राहतो कुठे?" वत्सलाबाईंनी त्याच्या हिशेबावर बोट ठेवून विचारलं.

निरंजन गोंधळला. अणुभट्टीतल्या गळतीनंतर भंडारवाडीच्या लोकांना किरणोत्सर्ग किती लागला, याचा अंदाज त्यानं मोठ्या हौसेनं मांडला होता. आकडा मर्यादेबाहेर गेला होता. म्हणजे गणपती येऊन गेले तरी वाडी शाळेतल्या छावणीतच.

"तो खराखुरा नाही, बाई. सर्वांत जास्त धोका असलेला माणूस धरलाय. रात्रंदिवस बाहेर असतो, रोज इथलीच मासळी खातो, इथल्याच गाईचं लिटरभर दूध पितो."

"प्रकृती दांडगी आहे. चल, भेटू त्याला."

"बाई, चूक व्हायचीच तर सुरक्षित बाजूनं व्हावी, हे तुम्हीच शिकवलंत."

"हो ना..." म्हणत बाईंनी छत्री उचलली.

छावणीत वाडीतले लवू तांडेल गणपतीचा पाट घासत बसले होते. पाट कुठे मांडायचा ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. निरंजनला ते पाहवेना. त्यानं घाईघाईनं मासळीचं विचारलं.

"आषाढ सरलो की मासे बंद. गणपती पोचवल्याशिवाय कोण तोंडाक लावणा नाय."

गळती श्रावण लागतानाची. निरंजननं वहीत मासळीवर काट मारली.

"आणि दूध?"

"चायेत पडात तितक्या. ता पण पिशयेतला."

"रात्री बाहेर..."

"ह्या पावसात भायर कोण निजता रे बाबा?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

निरंजननं तिथंच बाकावर बसून सगळं हिशेबात पुन्हा घातलं. गणपती जाईपर्यंत गळतीतलं किरणोत्सर्गी आयोडिन जवळजवळ विरलेलं असणार होतं. ते गळ्यातल्या ग्रंथीत साठतं, म्हणून छावणीत यंत्रानं लोकांचे गळे तपासले होते, त्या मोजणीशी त्याचा अंदाज पहिल्यांदाच जुळला. मर्यादेच्या कितीतरी खाली.

"घरी जाता येईल," तो म्हणाला.

मग काय विचारता! कुणी भांडी बांधायला धावलं, कुणी चुलीवर गोडाची कढई चढवली. निरंजनला इतका आनंद कुठल्याच पदवीनं दिला नव्हता.

पंगत बसली. बाईंनी स्वतःच्या शेजारी एक पान जास्तीचं मांडलं.

"हे कुणाचं?"

"तुझ्या माणसाचं. भूक मोठी आहे त्याची."

निरंजन ओशाळून हसला. "तो नाहीच, बाई."

बाईंनी पानावर भात वाढला.

"मग तू बस."